पोकरच्या टेबलावर पहिली रात्र: बसण्याआधी उठायचं ठरवा

गणपतीत रात्रीच्या पहाऱ्याला मंडपात बसून पत्ते शिकलेली आमची पिढी. मेंढीकोट, रमी, आणि मंडळाचे दादा घरी गेले की तीन पत्ती. त्यामुळे पोकरचे नियम मला एका संध्याकाळी आले. पुढची सहा वर्षं जे शिकत राहिलो त्यातलं फार थोडं पत्त्यांविषयी होतं. कंबर, झोप, तुंबलेली लघवी, रागात टाकलेले पैसे आणि "किती गेले?" या प्रश्नाला घरी दिलेली अर्धवट उत्तरं, हाच खरा अभ्यासक्रम निघाला.

पैशांनी पोकर खेळायला पहिल्यांदा बसलो तेव्हा सलग बारा तास उठलो नाही. सकाळी आठला कॅसिनोच्या बोटीतून पणजीच्या धक्क्यावर उतरलो तर ऊन डोळ्यांना सहन होईना. रस्ता ओलांडताना पाय लटपटले. जिंकलो की हरलो हे आठवायला मला क्षणभर थांबावं लागलं. (हरलो होतो. अठरा हजार.)

कुठली पानं कशाला मारतात हे ज्याला ठाऊक आहे आणि जो आता पहिल्यांदा खऱ्या पैशांनी बसणार आहे, त्याच्यासाठी हे लिहितोय. यात जिंकायच्या युक्त्या नाहीत. खेळूच नका, असंही मी म्हणणार नाही, ते सांगायला तुमच्या घरी माणसं आहेत.

आधी जागा बघा

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा केला आणि ॲपवरची पैशांची टेबलं बंद झाली. महाराष्ट्रात १८८७ चा जुगार प्रतिबंधक कायदा आहे. १९७६ साली केलेला आपला कॅसिनो कायदा कधी लागूच झाला नाही. ४७ वर्षं तसाच पडून राहिला आणि २०२३ मध्ये रद्द झाला. म्हणजे मराठी माणसासाठी जवळचा उजळ माथ्याचा पत्ता एकच, गोवा. तिथल्या १९७६ च्या जुगार कायद्यात १९९२ आणि १९९६ साली दुरुस्त्या झाल्या, त्यातून आधी हॉटेलांतली जुगाराची यंत्रं आणि मग मांडवीतल्या बोटी आल्या. वय २१ पूर्ण लागतं. खुद्द गोव्याच्या रहिवाशांना मात्र २०२० पासून कॅसिनोत खेळायला बंदी आहे. ज्या सरकारला बोटींचा महसूल चालतो त्याला आपली माणसं त्या बोटींवर नको आहेत, यातून काय घ्यायचं ते घ्या.

कायद्याचं हे पुराण लावण्याला एक कारण आहे. ॲपवर खेळणारा माणूस पलंगावरून हरायचा आणि फोन बाजूला ठेवून झोपायचा. आता तोच माणूस रजा टाकतो, साडेचारशे किलोमीटर प्रवास करतो, हॉटेलचं भाडं भरतो आणि मग टेबलावर बसतो. "एवढ्या लांब आलोच आहोत तर" हे वाक्य डोक्यात घेऊनच तो बोटीवर चढतो. माझ्या मते नवख्याचं सगळ्यात जास्त नुकसान या वाक्याने होतं. त्याच्याकडे पुढे परत येईन.

पायरी पहिली: घरी बसून एक हिशेब करा

रागाचं आणि निराशेचं मूळ बहुतेक वेळा चुकीच्या अपेक्षेत असतं. म्हणून हा हिशेब कागदावर स्वतः मांडा, नुसता वाचून सोडू नका.

समजा, टेबल १००-२०० ब्लाइंडचं आहे. ब्लाइंड ही पानं बघण्याआधीच दोघांना आळीपाळीने लावावी लागणारी सक्तीची रक्कम, एक छोटी, एक मोठी. म्हणजे मोठा ब्लाइंड २०० रुपये, आणि १०० ब्लाइंडचा बाय-इन (बसताना चिप्स घ्यायची रक्कम) २०,००० रुपये. समजा, तुम्ही खरोखर चांगले खेळता आणि रेक (डावातून कॅसिनो कापून घेतो तो हिस्सा) वगैरे जाऊन दर १०० डावांमागे ५ मोठे ब्लाइंड कमावता. समोरासमोरच्या टेबलावर तासाला २५ ते ३० डाव होतात. दहा तासांची रात्र धरली तर २५० डाव. तुमची अपेक्षित कमाई साडेबारा ब्लाइंड, म्हणजे २,५०० रुपये.

आता दुसरी बाजू. या खेळात १०० डावांमागे वर-खाली होण्याचं माप, गणितवाले ज्याला प्रमाण विचलन म्हणतात ते, ९० ब्लाइंडच्या आसपास असतं. २५० डावांना ते साधारण १४२ ब्लाइंड होतं. म्हणजे २,५०० रुपये कमावायला बसलेल्या माणसाला त्याच रात्री २८,००० रुपयांचा झोका बसणं अगदी नेहमीचं. शंभर रात्रींतल्या ४६-४७ रात्री हा चांगला खेळाडू हरूनच उठेल.

याहून बोचरा आकडा पुढे आहे. अशा वीस रात्री खेळा, ५,००० डाव. नोकरी सांभाळून जाणाऱ्याला याला दोन-तीन वर्षं लागतात. तेवढं खेळूनही हा चांगला खेळाडू एकूण तोट्यात असण्याची शक्यता तिनात एक आहे. चूक काहीही नाही, तरी दोन-तीन वर्षं तोटा.

आणि हे सगळं चांगल्या खेळाडूचं झालं. तुम्ही नवखे आहात, म्हणजे ते पाच ब्लाइंड बहुधा उणे आहेत.

हा कागद घडी करून पाकिटात ठेवा. मी ठेवतो. रात्री दोन वाजता "आज माझ्याच बाबतीत असं का होतंय" असं वाटायला लागतं, तेव्हा उत्तर खिशात असलेलं बरं. पोकर शिकवणाऱ्या मंडळींना टेनेसीच्या ख्रिस मनीमेकरची गोष्ट सांगायला फार आवडते. पेशाने हिशेबनीस, ८६ डॉलरच्या ऑनलाइन स्पर्धेतून वर चढत २००३ ची जागतिक स्पर्धा मारली, २५ लाख डॉलर मिळाले. गोष्ट शंभर टक्के खरी आहे. त्या स्पर्धेत ८३९ जण बसले होते आणि बक्षीस ६३ जणांना होतं, हेही तितकंच खरं आहे.

पायरी दुसरी: पैसे

थोडक्यात सांगतो. जेवढे गेले तर पुढच्या महिन्यात घरात कुणाच्या लक्षातही येणार नाही तेवढेच. रोख, पाकिटात, दोन बाय-इनपुरते. कार्डं हॉटेलच्या खोलीत कुलपात. फोनवरच्या यूपीआयची रोजची मर्यादा निघण्याआधीच कमी करून ठेवा. टेबलावर बसल्यावर स्वतःवर विसंबायचं नसतं. उसने देऊ नका, घेऊ नका. हसतमुखाने "राहू दे रे, पुण्याला गेल्यावर दे" म्हणणारा शेजारी तुमचा मित्र नाही.

एक बाब कराची. जिंकलेल्या रकमेवर सरसकट ३० टक्के आणि वर उपकर, आणि हरलेले पैसे त्यातून वजा करता येत नाहीत. वरच्या हिशेबात हे मी धरलेलंसुद्धा नाही.

पायरी तिसरी: त्या दिवशीची झोप आणि जेवण

रात्रीच्या बसने सकाळी पणजीत उतरायचं, दिवसभर समुद्रावर हिंडायचं, दुपारी बांगड्याची थाळी, बरोबर दोन बिअर आणि आठ वाजता बोट. जवळजवळ सगळे नवखे असंच करतात. मीही केलं.

१९९७ साली 'नेचर'मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध झाला होता. सलग १७ तास जागं राहिलेल्या माणसाचा मेंदू रक्तात ०.०५ टक्के अल्कोहोल असलेल्या माणसाइतका मंद चालतो, असं त्यात दिसलं. आपल्याकडे गाडी चालवायची मर्यादा ०.०३ आहे. सकाळी सातला उठलेला माणूस रात्री बारा वाजता त्या १७ तासांवर पोचतो. म्हणजे मध्यरात्रीनंतर, थेंबही न घेता, ज्या अवस्थेत तुम्हाला स्कूटर चालवू देऊ नये त्या अवस्थेत तुम्ही वीस-वीस हजारांचे निर्णय घेत असता. त्यावर फुकटची दारू. ती फुकट का असते हे मराठी माणसाला समजावून सांगायला नको.

तर करायचं काय? आदल्या रात्री पोचा. दुपारी दोन तास गाढ झोपा, झोप आली नाही तरी अंधार करून पडून राहा. जेवण हलकं घ्या, पोळी-भाजी, वरण-भात, दही-भात, जे रोज पोटाला सवयीचं आहे ते. बोटीवरचा बुफे बघून "पैसे भरलेत तर वसूल करू" असं मनात येतं. पनीर, बिर्याणी आणि गुलाबजामानंतर येणारी गुंगी किती महाग पडते हे मोजलंत तर वसुलीचा विचार सोडाल. कॉफीचा निम्मा अंश पाच-सहा तासांनीही रक्तात असतो, म्हणून ती रात्री दहानंतर नको. पाणी मात्र पीत राहा. वातानुकूलित हवेत तहान कळत नाही आणि डोकेदुखी थेट पहाटे कळते.

रक्तदाबाची किंवा साखरेची गोळी चालू असेल तर फोनवर गजर लावा. डावात असताना ती राहून जाते. इन्सुलिन घेणाऱ्याने जेवणाची वेळ चुकवून बसू नये, यावर चर्चा नको.

पायरी चौथी: खुर्ची

टेबल लांबट गोल, एका बाजूला मधोमध डीलर, भोवती नऊ जण. डीलरच्या अगदी डाव्या-उजव्या खुर्च्यांवर, म्हणजे १ आणि ९ नंबरवर बसलात तर समोरचे सगळे दिसतात, पण डीलरच्या पलीकडचा माणूस दिसत नाही आणि मधली, सगळ्यांना सामाईक असलेली पानं बघायला सतत मान वळवावी लागते. दहा तासांनी मानेची जी अवस्था होते ती मी भोगलेली आहे. डीलरच्या समोरची ४, ५ किंवा ६ नंबरची जागा मागा. लगेच मिळाली नाही तर रिकामी झाली की सांगा म्हणावं. यात लाजण्यासारखं काही नाही.

खुर्ची पुढे ओढा, पाठ टेकवा, तळवे जमिनीला टेकलेले असू द्या. पानं बघायला दरवेळी कंबरेतून वाकू नका, कोपर टेबलावर ठेवून फक्त कोपरा उचला. दर तासाला उठा. हो, डाव बुडतील. ब्लाइंड चुकेल म्हणून तीन-तीन तास लघवी दाबून बसणारी माणसं मी पाहिली आहेत, त्यात एक डॉक्टर होते. सगळे हसण्यावारी नेतात, पण दाबून बसलेला माणूस चिडका खेळतो. तीन मिनिटं डेकवर जा, मांडवीचा वारा घ्या, खांदे फिरवा, पाठीमागे हात गुंफून छाती ताणा. बुडालेले दोन डाव तुम्ही तसेही फेकणारच होतात.

पायरी पाचवी: वाट बघणं

बाहेरून बघणाऱ्याला पोकर म्हणजे थरार वाटतो. प्रत्यक्षात शहाणा खेळाडू चारातले तीन डाव न खेळता टाकतो. २५० पैकी जवळजवळ १९०. पानं बघा, टाका, बघा, टाका. दोन एक्के एकदम यायची शक्यता २२१ डावांत एकदा, म्हणजे अख्ख्या रात्रीत सरासरी एकदा. कुठलीही जोडी हातात यायची तर १७ डावांत एकदा.

हा कंटाळा कुणी सांगत नाही, आणि पैसे बुडतात ते इथूनच. "तासभर काही खेळलोच नाही" म्हणून माणूस बदाम राजा आणि चौकट सत्ती घेऊन आत शिरतो. माझ्या वहीत मोठ्या नुकसानीच्या नोंदी पाहिल्या तर निम्म्याहून अधिक अशा आहेत. रागाने घालवलेले पैसे निदान लक्षात तरी राहतात, कंटाळ्याने घालवलेले राहत नाहीत.

उपाय म्हणून लोक फोन काढतात. तो नको. फोन बघणाऱ्याला टेबलावरचं काही दिसत नाही आणि कंटाळा जातही नाही. मी एक खेळ करतो. माझी पानं टाकली की उरलेल्यांपैकी एकाकडे बघायचं आणि त्याच्याकडे काय असेल ते मनात बांधायचं. शेवटी पानं उघडली की पडताळायचं. पहिले सहा महिने माझा अंदाज सपशेल चुकायचा. पण वेळ जातो आणि शिकायलाही मिळतं. ॲपवर फुकट चिप्स घेऊन केलेला सराव इथे फारसा कामाला येत नाही. तिथे हात बसतो, मन बसत नाही.

बाई म्हणून टेबलावर बसणार असाल तर या कंटाळ्यात आणखी एक भर असते: दर अर्ध्या तासाला कुणीतरी "ताई, शिकवू का?" विचारणार. माझी एक मैत्रीण कानात नुसतेच हेडफोन घालून बसते, गाणं वगैरे काही लावलेलं नसतं.

पायरी सहावी: हात थरथरतील

पहिल्यांदा मोठा डाव अंगावर येईल तेव्हा काय होतं ते आधीच सांगून ठेवतो, म्हणजे घाबरणार नाही. छातीत धडधड इतकी की शेजाऱ्याला ऐकू जाईल असं वाटतं. तोंड कोरडं, कान गरम, आणि चिप्स पुढे सरकवताना बोटं थरथरतात. जुने खेळाडू सांगतात की बहुतेकदा असा हात थापेबाजाचा थरथरत नाही, उत्तम पानं आलेल्याचा थरथरतो. थाप मारणारा माणूस स्वतःला आवळून धरतो, आणि ज्याच्याकडे खरोखर माल आहे त्याचं अंग सुटतं. म्हणजे तुमचं अंग तुमची पानं जाहीर करत असतं.

हे अड्रिनलिन आहे, त्यात कमकुवतपणा काही नाही. चिप्स सुट्ट्या मोजत सरकवू नका, आधी थप्पी करा आणि एकदम ढकला. पानांवर हात ठेवून स्थिर राहा. श्वास सोडताना मनात मोजा, घेण्यापेक्षा सोडायला जास्त वेळ द्या. निर्णय घ्यायला दहा-पंधरा सेकंद थांबलात तर कुणी ओरडत नाही.

डाव संपल्यावर, जिंका नाहीतर हरा, पुढची दहा-पंधरा मिनिटं अंगात ते वारं तसंच असतं. त्या वेळात साधारण पानंही सोन्याची वाटतात. म्हणून माझा नियम: मोठ्या डावानंतरचे तीन डाव मी पानं न बघता टाकतो. दोन एक्के फेकले गेले असतील का? असतीलही. मी ते कधी बघितलेच नाहीत.

पायरी सातवी: बॅड बीट आणि टिल्ट

समजा, रात्रीत एकदाच येणारे ते दोन एक्के तुम्हाला आले. समोरच्याला दोन राजे. दोघांचेही सगळे पैसे मध्ये. तुमची जिंकायची शक्यता ८२ टक्के, म्हणजे साडेपाचांत एकदा हरणार. शेवटचं पान उलटतं, किलवर राजा. पुढे असून असं हरणं म्हणजे बॅड बीट. समोरचा हळूच "सॉरी हं" म्हणतो.

त्या "सॉरी हं"ने जे होतं त्याला टिल्ट म्हणतात. पिनबॉलच्या यंत्राला कुणी चिडून धक्का दिला की यंत्र बंद पडायचं आणि काचेवर 'टिल्ट' असं उमटायचं, तिथून हा शब्द आला. मला तो फार अचूक वाटतो. माणूस दिसायला तसाच बसलेला असतो, आतलं यंत्र बंद पडलेलं असतं.

हरल्याचं दुःख जिंकल्याच्या आनंदाच्या जवळपास दुप्पट लागतं, हे मानसशास्त्रात बऱ्याचदा तपासलेलं आहे. पण मला वाटतं, पोकरचा घाव पैशांपेक्षा न्यायाच्या भावनेला बसतो. लहानपणापासून आपल्याला शिकवलं, नीट केलं की नीट होतं. अभ्यास केला की मार्क. इथे तुम्ही सगळं नीट करता आणि शिक्षा तुम्हाला होते, बक्षीस चुकणाऱ्याला मिळतं, आणि तेही तुमच्या समोर, तुमच्याच चिप्स रचत. एका रात्रीत असं तीनदा झालं की माणूस खेळत राहत नाही, तो दाद मागायला लागतो. दाद मागायची जागा म्हणून त्याला एकच सुचते, त्याच माणसाविरुद्धचा पुढचा डाव.

टिल्ट प्रत्येकाचा वेगळा दिसतो. काहींचा आवाज चढतो, काही डीलरवर घसरतात (बिचाऱ्याचा काहीही संबंध नसतो). काही जण, माझ्यासारखे, एकदम गप्प आणि अतिशय सभ्य होतात. माझी खूण म्हणजे जबडा. दाढा एकमेकींवर दाबल्या गेल्या की समजायचं. दुसरी खूण, मी चिप्स वारंवार मोजायला लागतो. तुमची खूण पहिल्या दोन-तीन वेळांत सापडेल. ती मनात शोधू नका, अंगात शोधा, कारण त्या वेळी मन सांगत असतं की मी अगदी शांत आहे.

खूण दिसली की लगेच पुढच्या ब्लाइंडआधी उठायचं. चिप्स टेबलावर राहू द्या. तोंडावर गार पाणी मारा. वीस मिनिटं बाहेर. परत येऊन बसल्यावर पहिल्या दहा मिनिटांत ती खूण पुन्हा दिसली तर रात्र संपली. यात चर्चा नाही, कारण चर्चा करणारा माणूस तोच चिडलेला आहे.

पायरी आठवी: उठणं

आता ते "आलोच आहोत तर".

हरत असताना ते म्हणतं: एवढ्या लांब आलो ते हरून जायला? जिंकत असताना म्हणतं: आज पानं चालतायत, परत कधी येणार? बरोबरीत असताना म्हणतं: इतका वेळ बसलो आणि हातात काहीच नाही? म्हणजे उठायची वेळ त्याच्या मते कधीच येत नाही. आत भिंतीवर घड्याळ नाही, बाहेर उजाडलं की नाही दिसत नाही, आणि बोट चोवीस तास चालू.

म्हणून उठायचं कारण पैशांवर टांगू नका, वेळेवर टांगा. बसण्याआधी मित्राला मेसेज टाका: "दीड वाजता उठतोय." दीड वाजता मित्राने फोन करायचा, आणि तुम्ही टेबलापासून लांब जाऊन तो घ्यायचा. दोन बाय-इन आधीच गेले तर त्या क्षणी उठायचं, ती वेगळी अट. पण जिंकत असलात तरी दीड म्हणजे दीड. पहिल्या पाच वेळा चार तासांच्या वर बसू नका. लोक म्हणतील, आत्ताच आलास आणि निघालास? म्हणू द्यात. ज्यांच्या चिप्स तुमच्याकडे आहेत तेच म्हणतात.

माझ्या सहा वर्षांच्या वहीत एक रकाना आहे, "का उठलो". पहिल्या वर्षाच्या रकान्यात जवळजवळ सगळीकडे एकच शब्द आहे: "संपले".

जिंकलात तर

याची तयारी कुणीच करत नाही. पहिल्याच रात्री जिंकणं ही नवख्याच्या नशिबातली सगळ्यात महाग गोष्ट असू शकते. चाळीस हजार घेऊन उतरलेला माणूस सोमवारी ऑफिसात बसतो आणि त्याला पगार भिकार वाटायला लागतो. साहेबाचं बोलणं ऐकून घेताना डोक्यात येतं, हे मी एका रात्रीत कमावतो.

चिप्स पैशांचा चेहराच पुसून टाकतात. रात्री एका थापेवर पंधरा हजार ढकललेला मी, दुसऱ्या दिवशी पणजी बाजारात आमसुलांच्या पाकिटावर वीस रुपयांसाठी मावशींशी घासाघीस करत होतो, आणि त्यात मला काही विचित्र वाटलं नाही. वाटायला हवं होतं.

स्टू अंगरने जागतिक स्पर्धा १९८०, १९८१ आणि १९९७ अशी तीनदा जिंकली. पत्त्यांतली त्याच्या तोडीची बुद्धी विरळाच. १९९७ चं पहिलं बक्षीस दहा लाख डॉलरचं होतं. पुढच्या वर्षी नोव्हेंबरात तो लास व्हेगासच्या एका स्वस्त मोटेलच्या खोलीत मेलेला सापडला. वय ४५. अमली पदार्थांनी हृदय पोखरलं होतं, पैसा उरला नव्हता. त्याचं टोक तुम्ही-आम्ही गाठणार नाही, पण जिंकण्याने माणूस सावरतो या समजुतीचं काय करायचं ते या माणसाकडे बघून ठरवा.

परतल्यावर

रात्रभर खेळून स्वतः गाडी चालवत आंबोली किंवा चोर्ला घाट उतरू-चढू नका. झोपा, मग निघा, किंवा सरळ बस धरा. झोप सहज येणार नाही. डोळे मिटले की डाव दिसतात, "तिथे टाकलं असतं तर" सुरू होतं. मी अंघोळ करतो, सतावणारा एकच डाव कागदावर पूर्ण लिहून काढतो आणि कागद चपलेत ठेवतो. चपलेत का, ते मलाही माहीत नाही, पण झोप लागते.

घरी खरी रक्कम सांगा. हरलेलं निम्मं करून सांगायची सवय तिसऱ्या-चौथ्या वेळी लागते, आणि मग पुढच्या वेळी तुम्ही त्या लपवलेल्या रकमेसाठीही खेळता. आपल्या घरांत "जुगारी" हा शब्द एकदा उच्चारला गेला की परत घेता येत नाही, ही भीती मला कळते. त्या भीतीने मी दीड वर्ष खोटं बोललो. उघड झालं तेव्हा बायकोला रकमेचं फार काही वाटलं नाही. "इतके दिवस माझ्यासमोर जेवत होतास आणि सांगितलं नाहीस," एवढंच म्हणाली.

वहीत चार रकाने करा: किती तास, आदल्या रात्री किती झोप, किती पैसे, का उठलो. दहा नोंदींनंतर झोप आणि पैसे हे दोन रकाने शेजारी ठेवून बघा.

काही खुणा मात्र वहीत ठेवण्याच्या पलीकडच्या आहेत. हरलेले पैसे परत मिळवायला पुन्हा पुन्हा जाणं, तोच आनंद मिळायला रक्कम वाढवत नेणं, थांबायचा प्रयत्न केला की चिडचिड, खेळासाठी खोटं बोलणं, उसनवारी, नोकरी किंवा नातं पणाला लागणं. मनोविकारतज्ज्ञ जुगाराच्या आजाराचं निदान करताना अशा नऊ खुणा बघतात, आणि वर्षभरात त्यातल्या चार दिसल्या तर त्याला आजार म्हणतात. दोन जरी स्वतःत दिसल्या तरी १४४१६ वर फोन करा. टेली-मानस ही सरकारी सेवा आहे, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलता येतं.

पुढच्या फेरीची तारीख बसमध्ये ठरवू नका, घरी पोचल्याच्या आठवड्यातही नको. तीन आठवडे जाऊ द्या. ग्रुपवर कुणीतरी "पुढच्या शनिवारी कोण कोण?" असं टाकेल, त्याला उत्तर न देता फोन पालथा ठेवता येतो का ते बघा. मला पहिल्या वेळी चौदा मिनिटं जमलं.